लागू नियम कोणता, ते एकदा लिहून द्या

प्रति,
राज्यातील भूजल आणि जलनियमनाचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी व सदस्य यांस

विषय : पाणी जपण्याचे नियम एका जागी, मराठीत आणि तारखेनिशी प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय, महोदया,

मी मराठवाड्यातल्या एका गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे. नळयोजनेचा उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत असलेली विहीर, तिच्या आसपासचं शिवार आणि पाण्यावरून होणारी भांडणं हे सगळं शेवटी समितीपुढेच येतं. म्हणून पाण्याचे नियम मला माहीत असावेत, अशी गावाची साधी अपेक्षा असते. ती पुरी करता यावी यासाठी मी नियमांची एक फाईल ठेवते. राजपत्रांच्या प्रती, शासन निर्णय, परिपत्रकं, वर्तमानपत्रांतली कात्रणं. फाईल वर्षागणिक जाड होत गेली आहे. पण ‘आज, आमच्या गावात, नेमकं काय लागू आहे?’ या एका प्रश्नाचं उत्तर तिच्यातून खात्रीने काढता येत नाही. हे पत्र त्यासाठी आहे. ते जाहीर लिहिते, कारण अशी फाईल गावोगाव कुणी ना कुणी ठेवतं आणि सगळ्यांची अडचण तीच आहे.

नियम नकोत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. उलट ते हवेत आणि कडक हवेत. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांत. आमच्या विहिरी त्याच पाण्यावर जगतात आणि चांगला पाऊस झाला की तोच थर पुन्हा भरतो. खाली पाणी लागलंच तर ते थोडं, जुनं आणि लवकर संपणारं. शिवाय खोल बोअर नीट केसिंग, म्हणजे आतून पाईप, न घालता पाडला, तर वरच्या थरातलं पाणीही त्यातून खाली निघून जातं. एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते ती अशी. भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा जास्त खोलीची विहीर ‘खोल विहीर’ ठरवली आणि शेती व उद्योगासाठी तशी विहीर घेण्यावर बंधन घातलं, ते म्हणून योग्यच होतं. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. आमच्याकडे बोअरची गाडी चारशे-पाचशे फुटांच्या आत थांबत नाही, आणि तिथेही कोरडंच लागलं तर मालक म्हणतो, अजून दोन रॉड उतरवा.

म्हणजे कायदा आहे. तो पाळायची गावाची तयारीही आहे. मग अडतं कुठे, ते घडलेल्या प्रसंगातूनच सांगते.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला, रात्री जेवणं उरकल्यावर, गावच्या उद्भव विहिरीच्या वरच्या अंगाला बोअरची गाडी लागली. कॉम्प्रेसरचा आवाज गावात ऐकू येत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात दगडाचा पांढरा भुगा धुरासारखा उडत होता आणि शेजारच्या तुरीच्या काड्यांवर बसत होता. टेप लावून अंतर मोजलं तर विहिरीपासून पाचशे मीटरच्या बरंच आत. सरपंचांनी फोन लावायला सुरुवात केली, मी सकाळी तालुक्याला गेले. एका कार्यालयात 1993 च्या कायद्यातली पाचशे मीटरची अट सांगितली. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, तो कायदा रद्द झाला, आता नवा आहे, त्याचे नियम बघावे लागतील. तिसऱ्या ठिकाणी आधी ग्रामपंचायतीचा ठराव, मग भूवैज्ञानिकांचा अभिप्राय, मग पंचनामा, असा क्रम सांगितला. कुणीही उद्धटपणे बोललं नाही. कुणीही कागदही दाखवला नाही. आमचा ठराव टाईप होईपर्यंत बोअरमध्ये मोटर उतरली होती. उन्हाळा भरात आला तशी नळाची पाळी लांबत गेली आणि अखेर टँकर लावावा लागला.

त्या शेतकऱ्यावर माझा राग नाही. त्याची मोसंबी डोळ्यांदेखत वाळत होती, डोक्यावर बँकेचं कर्ज होतं. त्या रात्री त्याने मला जे विचारलं ते मी विसरू शकत नाही. “ताई, मनाई आहे असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी आत्ता गाडी परत पाठवतो.” माझ्या फाईलमध्ये 1993 चा कायदा होता, 2009 चा होता, 2018 चा मसुदाही होता. यांतला कोणता कागद त्याच्या हातात द्यावा, हे मला सांगता आलं नाही. बोअरला पाणी लागलं, गावाच्या विहिरीचं गेलं, आणि आज तो आणि आम्ही एकमेकांशी धड बोलत नाही.

आता नियमांकडे येते. हा गोंधळ कसा तयार होतो, ते क्रमाने पाहिल्याशिवाय कळत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचं विनियमन करणारा कायदा 1993 चा. सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, ही त्यातली अट खेड्यापाड्यांत सगळ्यांना तोंडपाठ झाली. कारण ती एका वाक्यात सांगता येत होती. त्याच्या जागी महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. नावात 2009, राजपत्रात 2013 मध्ये, अंमल 1 जून 2014 पासून. एकाच कायद्याला तीन वर्षं चिकटलेली, त्यामुळे एक अधिकारी त्याला 2009 चा म्हणतो, दुसरा 2014 चा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कायदे दोन आहेत. कायदा चांगला आहे. सार्वजनिक उद्भवाच्या रक्षणाचं प्रकरण त्यात आहे, अधिसूचित क्षेत्रं आहेत, पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्या आहेत, विहिरींची नोंदणी आहे, बोअरच्या गाड्यांचे मालक आणि चालक यांचीही नोंदणी आहे. पण अर्ज कुणाकडे करायचा, कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत निकाल, शुल्क किती, हे नियमांत येतं. त्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी निघाला तो 25 जुलै 2018 रोजी, कायदा लागू होऊन चार वर्षं उलटल्यावर.

मसुदा निघाला तेव्हा वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले की खोल विहिरींवर बंदी आली. लोकांनी मसुद्यालाच कायदा समजून घेतलं. गावात दोन तट पडले, एक म्हणतो बंदी आलीच आहे, दुसरा म्हणतो तो नुसता मसुदा आहे. दोघांकडेही तेच कात्रण. साठ मीटरची अट मूळ कायद्यातली आहे आणि मसुद्यात आहे ती तिच्या अंमलबजावणीची रीत, हा फरक लोकांना सांगायचं काम कुणी केलं नाही. ते काम तुमचं होतं.

हे नवंही नाही. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम 1976 चा, पण त्याचे स्वतःचे नियम न झाल्यामुळे कालव्यांचा कारभार दशकानुदशकं 1934 च्या बॉम्बे कॅनॉल रूल्सवर चालत राहिला. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याने आपला हक्क कुठल्या पुस्तकात शोधायचा? भूजलाच्या बाबतीत हीच चाल पुन्हा पडू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

केंद्राचा पसारा वेगळा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने 12 डिसेंबर 2018 रोजी भूजल उपशाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती अमलात येण्याआधीच, जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यांना रोखलं. मग 24 सप्टेंबर 2020 रोजी नवी तत्त्वं आली आणि 29 मार्च 2023 रोजी त्यांत दुरुस्त्या झाल्या. 2024 मध्ये परवानगीसाठी ‘भू-नीर’ नावाचं नवं संकेतस्थळ आलं. घरगुती वापर आणि शेती यांना या ना-हरकत दाखल्यातून सूट आहे, हे 2020 च्या तत्त्वांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी आमच्या भागात दलाल फिरतात आणि शेतकऱ्याला सांगतात, दिल्लीची परवानगी लागते, मी काढून देतो. सूट आहे हे एका ओळीत, मराठीत, पंचायतीच्या भिंतीवर असतं तर या दलालाला गावात कुणी उभं केलं नसतं.

आणि एक उदाहरण देते, कारण ते दर उन्हाळ्यात माझ्या मोबाईलवर येतं. ‘पाणी वाया घालवल्यास 5 वर्षं तुरुंग आणि 1 लाख रुपये दंड.’ याला आधार होता. भूगर्भातलं पिण्यायोग्य पाणी कुणीही वाया घालवू नये आणि स्थानिक संस्थांनी त्यासाठी यंत्रणा उभारावी, असे निर्देश केंद्रीय भूजल प्राधिकरणाने 8 ऑक्टोबर 2020 रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली दिले. त्या अधिनियमाच्या कलम 15 मध्ये तेव्हा 5 वर्षांपर्यंत तुरुंगवास, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती, म्हणून तो संदेश तेव्हा बराचसा खरा होता. पुढे 2023 च्या जनविश्वास कायद्याने कलम 15 बदललं. 1 एप्रिल 2024 पासून तुरुंगवास गेला आणि त्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांची शास्ती आली. म्हणजे आर्थिक शिक्षा कितीतरी वाढली. पण लोकांपर्यंत पोहोचलाय तो जुनाच संदेश. कुणी तो पाहून उगाच घाबरतं, कुणी ‘असं कुणाला आत टाकतात का’ म्हणून सोडून देतं. खरी तरतूद दोघांनाही माहीत नाही. ती माझ्या फाईलमध्ये आली, कारण मी दुसऱ्याच कामासाठी कलम 15 शोधत होते. निर्देश एका कागदावर, शिक्षा दुसऱ्या कायद्यात, तिची दुरुस्ती तिसऱ्यात. हे तीन तुकडे जोडून सामान्य माणसाने वाचावेत अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

राज्याच्या शासन निर्णयांची तऱ्हाही निराळी नाही. ते विभागवार आणि तारखेवार सापडतात, प्रत्येकाला लांबलचक संकेतांक असतो, हे चांगलंच आहे. पण जुना निर्णय अधिक्रमित झाला, म्हणजे त्याच्या जागी नवा आला, तर जुन्या प्रतीवर तशी खूण नसते. शुद्धिपत्रक वेगळं निघतं आणि ते मूळ निर्णयाला जोडलेलं नसतं. नव्या निर्णयात लिहिलेलं असतं, ‘संदर्भ क्रमांक 3 येथील निर्णयातील परिच्छेद 4 मधील मजकुराऐवजी खालील मजकूर वाचावा.’ मग संदर्भ क्रमांक 3 शोधा, तो मिळाला तर त्यालाही आधीच एक दुरुस्ती झालेली. भूजलाचा विषय पाणीपुरवठा विभागाकडे, कालवे जलसंपदाकडे, बंधारे आणि पाणलोटाची कामं मृद व जलसंधारणकडे, शहरातल्या इमारतींवरचं पर्जन्यजल संकलन नगरविकासकडे. पाणी एकच आहे, पण गावाने चार दारं ठोठावायची.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम 4 आहे. मागितल्याशिवाय, आपणहून माहिती प्रसिद्ध करा आणि ती स्थानिक भाषेत, लोकांना सहज मिळेल अशी द्या, असं त्यात 2005 पासून लिहिलेलं आहे. पाण्याच्या नियमांना ते लागू नाही असं कुणी म्हणणार नाही. मग लागू नियमांची प्रत मिळवण्यासाठी नागरिकाला अर्ज का करावा लागतो?

तुमच्याकडून चांगलं झालेलंही माझ्या डोळ्यांसमोर आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत राज्य विभागून प्रत्येकाचं मूल्यांकन करते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठोक जलदराचा, म्हणजे मोठ्या प्रमाणावर दिल्या जाणाऱ्या पाण्याच्या दराचा, 2011 चा पहिला आदेश देण्याआधी दृष्टिकोन-पत्र काढलं, ठिकठिकाणी लोकांशी चर्चा केली. अटल भूजल योजनेतल्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडला गेला, फलकांवर लागला, आणि पाऊस किती झाला, वापर किती, तूट किती हे शाळेतली मुलंही सांगू लागली. तेव्हा हे तुम्हाला जमत नाही असं मी म्हणूच शकत नाही. जे पातळीच्या आकड्यांबाबत जमतं, ते नियमांच्या मजकुराबाबत का होत नाही, हा माझा प्रश्न आहे. हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी बोअर नाही, हा ग्रामसभेचा नियम गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण तो सर्वांसमोर ठरला आणि सर्वांसमोर सांगितला जातो. राज्याच्या नियमालाही तेवढाच साधा हक्क मिळावा.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

1. पाण्याशी संबंधित प्रत्येक कायदा, नियम, अधिसूचना आणि शासन निर्णय यांची एकच यादी करा, सर्व विभागांची मिळून. प्रत्येक नोंदीपुढे ‘मसुदा’, ‘लागू’, ‘स्थगित’ किंवा ‘रद्द’ यांपैकी एक शब्द आणि तारीख असावी. 2018 च्या मसुद्याबाबत पुढे जे काही ठरलं, ते कोणत्या कलमापुरतं आणि कोणत्या तारखेपासून, हे मसुदा जिथे ठेवला आहे तिथेच छापा.

2. दुरुस्त्या मिळवून अद्ययावत केलेला सलग मजकूर मराठीत द्या. काय गेलं आणि काय आलं, हे त्याच पानावर दिसू द्या. मराठी मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून किमान तीस दिवस गेल्याशिवाय नवं बंधन लोकांवर घालू नका. टंचाईतल्या तातडीच्या आदेशांना यातून सूट असायला आमची हरकत नाही.

3. गट क्रमांक दिला की ती जमीन कोणत्या पाणलोट क्षेत्रात येते, ते क्षेत्र सुरक्षित आहे, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित, आणि तिथे विहीर किंवा बोअर घ्यायला काय अट आहे, हे कळलं पाहिजे. क्षेत्रांना तुम्ही जीव्ही, बीएम अशी अक्षरं आणि आकडे दिले आहेत. शेतकऱ्याला ती अक्षरं माहीत नाहीत, त्याला आपला गट माहीत आहे. सातबारा घरबसल्या निघतो, तशी ही माहितीही निघू द्या.

4. बोअरची गाडी शेतात उभी असताना तक्रार कुणाकडे करायची, त्या एका पदाचं नाव तालुकानिहाय जाहीर करा आणि काम थांबवायचं की नाही याचा निर्णय किती तासांत, हे ठरवा. ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली आणा. रात्री गाडी चालते, तर तक्रारही रात्री घेतली गेली पाहिजे. गाडीची नोंदणी आहे की नाही, हे गावाला जागेवर तपासता यावं.

5. नियम बदलला की त्याचं एक पानी मराठी टिपण प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठवा आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचं वाचन बंधनकारक करा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या ग्रामसभा तशाही होतातच. वाचन झाल्याची नोंद इतिवृत्तात असावी.

6. हरकती मागवल्या की त्यांचा गोषवारा, त्यांतल्या कोणत्या मान्य झाल्या आणि कोणत्या का फेटाळल्या, हे अंतिम नियमांसोबत छापा. वीज नियामक आयोग आपल्या विनियमांसोबत कारणमीमांसा देतो, पाण्याला तो मान मिळू नये असं काही कारण नाही.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. एक छोटा कक्ष, त्यात कायदा जाणणारा एक माणूस, भूजल जाणणारा एक, आणि साधं मराठी लिहिणारा एक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आम्ही मदत करायला तयार आहोत. माझी फाईल, तिच्यातल्या खाणाखुणांसह, मागाल तेव्हा देईन. कोणता कागद गावात वाचला जातो आणि कोणता टेबलावरच राहतो, हे आमच्यासारख्या समित्यांना विचारा.

टंचाई आराखड्याचा पहिला टप्पा ऑक्टोबरपासून सुरू होतो. त्याआधी किमान पहिल्या आणि चौथ्या मागणीवर काय करणार, हे लेखी आणि जाहीर कळवावं. बाकीच्या मागण्यांसाठी तुम्हीच मुदत ठरवा, पण ती तारीख आम्हाला सांगा. उत्तर आलं तर ते आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवेन. नाही आलं, तर तसा ठराव घेऊन तो जिल्ह्यातल्या इतर पाणी समित्यांकडे पाठवू.

आपली,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची एक सदस्य